गंजिफाचा संच हातचा की छापील, हे कसे ओळखावे

दशावतारी गंजिफाच्या, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांवर आधारलेल्या पारंपरिक पत्त्यांच्या, संचात १२० गोल पाने असतात: प्रत्येक अवताराची बारा, त्यांपैकी दहा अंकांची आणि उरलेली दोन राजाची व प्रधानाची. सावंतवाडीत तेथील राजघराण्याचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही लुप्त होत चाललेली कला पुन्हा उभी केली, आणि आजही तेथील राजवाड्यात कारागीर ही पाने रंगवताना पाहता येतात. खरेदीपूर्वी त्यांच्याजवळ थोडा वेळ बसावे. हाताने काढलेली रेषा कशी चालते हे एकदा पाहिले की पुढची परीक्षा सोपी होते.

प्रथम अंकांची पाने मागावीत, कारण राजाचे पान सर्वांत देखणे असले तरी पारखायला सर्वांत अवघड असते. मत्स्यावताराच्या सात किंवा आठ माशांचे पान उजेडात धरून एकेक मासा निरखावा. हाताने काढलेल्या माशांमध्ये एकाची शेपटी किंचित आखूड असते, दुसऱ्याचा डोळा जरा वर सरकलेला असतो, आणि कुंचला उचलला तेथे रेषा निमुळती होते. सगळे मासे तंतोतंत सारखे असतील, तर शंका घ्यावी. मात्र सारखे नसले म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये, कारण हाताने रंगवलेल्या पानावरूनही छपाई होते. अशा वेळी दुसऱ्या संचातले तेच पान शेजारी ठेवावे, कारण हाताने काढलेली दोन पाने कधीच तंतोतंत जुळत नाहीत.

त्यानंतर भिंग घ्यावे. नेहमीच्या रंगीत छपाईत रंग बारीक ठिपक्यांनी बनलेला दिसतो, तर कुंचल्याचा रंग सलग असतो आणि एका रंगाची कड दुसऱ्यावर चढलेली दिसते. बोटाच्या स्पर्शावर विसंबू नये, कारण वरचे रोगण दोन्ही प्रकारची पाने सारखीच गुळगुळीत करते. पानाचा पाया हीसुद्धा खात्रीची खूण नव्हे. पूर्वी कापडाला चिंचोक्याची खळ लावून तो तयार करीत, आता जाड कागदाच्या चकत्याही वापरतात.

छापील संच विकत घेण्यात कमीपणा नाही. अमेरिकी कलावंत डोनाल्ड जड यांनी १९६४ पासून आपल्या कलाकृती पत्र्याचे काम करणाऱ्या कारखान्यातून करून घेतल्या आणि ते लपवले नाही. पृष्ठभागावर हाताची खूण नसणे हाच त्या कामाचा अर्थ होता. गंजिफात मात्र प्रत्येक मासा पुन्हा नव्याने काढला जाणे, हाच माझ्या मते कलेचा गाभा आहे. म्हणून छापील पाने हातची म्हणून विकली जातात तेव्हा ग्राहकापेक्षा कारागिराचे नुकसान मोठे होते, कारण त्याच्या अनेक दिवसांच्या श्रमाची किंमत छापखान्याच्या दराशी ताडली जाते.

काही संचांत चौकट छापून आतले चित्र हाताने भरतात. तेही चांगले काम असू शकते. फक्त पावतीवर ‘चौकट छापील, चित्र हस्तकाम’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.