साईटवर नवीन सुपरवायझर झालायस? आधी माणसं सांभाळ

मी चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात बारा-तेरा वर्षं साईटवर आहे, आधी हाजरी लिहायचो, आता तीन साईट बघतो. डिप्लोमा करून पोरं येतात, ड्रॉइंग झकास वाचतात, आणि पंधरा दिवसांत गँग उठून गेली की डोक्याला हात लावून बसतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात हाजरीच्या वहीपासून कर. रोज काम सुटताना त्या माणसासमोरच लिही आणि वाचून दाखव, 'आज तुझी दीड लागली' असं. महिनाअखेरीला आठवून लिहिलेल्या हाजरीवरनं जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरनंच होत नाहीत. उचल दिलीस तर तीही त्याच पानावर, तारखेसकट, सही नाहीतर अंगठा घेऊन. आणि खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडली पाहिजे, बाजार उठल्यावर देऊन काय उपयोग, पोराबाळांना घेऊन राहणाऱ्याला मग आठवडाभर उधारीचा तांदूळ आणायला लागतो. ठेकेदाराकडनं पैसे आले नसतील तर फोन बंद करून बसू नकोस, जाऊन तोंडावर सांग. सोमवार सांगितलास तर सोमवारी द्यायचे, जमणार नसेल तर सोमवार बोलूच नकोस.

रोज सकाळी काम लावायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना मिक्सरजवळ गोळा कर. कोण कुठे, आज धोका कशात आहे, बास एवढंच. विजापूरकडची गँग असेल तर मुकादमाला कानडीत सांगायला लाव, झारखंडची पोरं असतील तर हिंदीत, आणि एखाद्याला परत बोलून दाखवायला सांग, नुसत्या माना हलल्या म्हणजे समजलं असं नाही. शेवटी विचार, कुणाला काय अडचण? आणि विचारल्यावर गप्प राहा, लगेच मोबाईल काढू नकोस.

हे मी फार महागात शिकलो. मे संपत आलेला, वर ढग, बंगल्याचा स्लॅब, मला पाऊस यायच्या आत उरकायचं होतं. अठरा-एकोणीस वर्षांचा एक बिगारी पोरगा म्हणाला, साहेब ह्या कोपऱ्यातला जॅक हलतोय, खाली भराव आहे. (जॅक म्हणजे स्लॅबला खालून दिलेला लोखंडी टेकू.) मी म्हटलं, तू घमेली उचल. अर्धा माल पडला आणि तोच जॅक भरावात घुसला, बीम डोळ्यांदेखत खाली आला. माणसं वेळेत उतरली, कुणाला लागलं नाही, पण तेवढा भाग नंतर फोडायला लागला. भराव नीट ठोकलेला नव्हता, जॅकखाली फळीसुद्धा नव्हती. पोरगा तिथेच उभा होता, एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर म्हणालो की ह्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, चूक माझी. तेव्हापासून माझ्याकडे बिगाऱ्यानेही 'थांबा' म्हटलं की काम थांबतं आणि त्याबद्दल कुणाची हाजरी कापली जात नाही. स्लॅबच्या आदल्या दिवशी मी सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याचा आणि टेकूंचा, मिस्त्री आणि दोन बिगारी घेऊन खाली फिरतो, एकेक जॅक हाताने हलवून बघतो.

कुठलंही काम सांगताना कारण सांग. आता आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, साध्या सिमेंटच्या साडेचार मीटर गाळ्यापर्यंतच्या (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेकू 7 दिवस काढायचे नाहीत, गाळा त्याहून मोठा असेल तर 14. मालक घाई करणारच, ते बोलणं तू ऐकून घे, सेंट्रिंगवाल्यांवर ढकलू नकोस. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर स्लॅबवर पाणी मारायचं निदान 10 दिवस. म्हणून गणपतीच्या आणि शिमग्याच्या तोंडावर स्लॅब घालायचा नाही, गावची पोरं घरी जाणारच, आणि जायलाच पाहिजे, मग पाणी कोण मारणार? कोण कधी जाणार ते महिनाभर आधी विचारून कॅलेंडरवर लिहून ठेव. बिहारवाल्यांची छठ पण त्यातच धर.

एप्रिल-मेच्या उकाड्यात सातला काम लाव, बारा ते तीन उन्हातलं बंद. पाणी ज्या मजल्यावर काम आहे तिथे सावलीत ठेव, तीन जिने उतरून कोणी प्यायला जात नाही, मग चक्कर येऊन पडतात. मीठ घातलेलं कोकम सरबत दिलंस तर उत्तमच.

आणि एक काम नक्की कर. 18 ते 60 वयाच्या, मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या माणसाची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते, त्यासाठी 90 दिवसांचा दाखला लागतो. तो मागायला माणूस लाजतो, ठेकेदार टाळतो. तू वही काढ, दिवस मोज आणि दाखल्यावर सही घेऊन ये.