बातामारिबांच्या मुलखात पहिल्यांदा कामाला जाताना

मानववंशशास्त्र शिकणारी मुलं अधूनमधून विचारतात, "आफ्रिकेत फील्डवर्क करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी सांगू शकते ते एकाच मुलखाबद्दल. टोगोच्या उत्तरेला कांदे गावापासून बेनिनच्या हद्दीकडे पसरलेला कुतामाकू, आणि तिथले बातामारिबा लोक. टोगोकडचा भाग २००४ साली जागतिक वारसा यादीत आला, बेनिनकडचा २०२३ मध्ये.

आधी नाव नीट घ्या. जुन्या पुस्तकांत 'सोंबा' सापडेल, पण ते बाहेरच्यांनी ठेवलेलं. बातामारिबा म्हणजे मातीचं बांधकाम जाणणारे. फ्रेंच तर शिकाच, पण फ्रेंचवर बहुतेक शाळा शिकलेले पुरुषच भेटतात. बायकांशी बोलायचं तर त्यांची दितामारी भाषा येणारी दुभाषी हवी, आणि ती शक्यतो बाईच असू दे. हे कळेपर्यंत माझा महिना गेला.

मी गेले ती 'गरजांची' छापील प्रश्नावली घेऊन. ज्या संस्थेने पाठवलं तिने ती इथे पाऊलही न टाकता तयार केली होती. घरोघरी एकच उत्तर मिळालं: पाणी, दवाखाना, शाळा. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण आधी येऊन गेलेल्यांनीही हेच विचारलं होतं, आणि उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

मग कोरड्या दिवसांत एका घराचं लिंपायचं काम निघालं आणि मी कागद पिशवीत ठेवला. त्यांचं घर म्हणजे ताकिएन्ता, मातीची छोटी गढीच. गुलाम पकडायला येणाऱ्यांच्या धाडींच्या काळात या भिंतींनी माणसं राखली. खाली अंधारात गुरं, वर गच्ची, गच्चीवर धान्याच्या कणग्या. झोपायच्या खोलीचं तोंड इतकं लहान की रांगतच आत शिरावं लागतं. भिंती पुरुष उभारतात, लिंपतात बायका. नेरे झाडाच्या शेंगांची सालं उकळून केलेलं तपकिरी पाणी भिंतीवर मारतात, त्याने पावसात माती धरून राहते. ओल्या लिंपणावर बोटांनी रेघा ओढतात, तशाच रेघा बायकांच्या अंगावरही गोंदल्यासारख्या कोरलेल्या असतात. माझी आजी कोकणात अंगण सारवायची, त्यामुळे हात लगेच बसला. माझी वाकडी रेघ पाहून शेजारची आजी हसली, माझा हात धरून तिने ती सरळ केली आणि बोलायला लागली.

तुळयांना पूर्वीसारखं लाकूड मिळत नाही. शाकारायला गवत पुरत नाही. मुलगा कामाला नायजेरियात गेलाय, भिंत उभारायला घरात जाणतं कोणी उरलं नाही. २०१८ च्या पावसात कितीतरी ताकिएन्ता ढासळल्या. घर पडलं की गेलेल्या वाडवडिलांनी राहायचं कुठे, हा तिचा प्रश्न होता, आणि तो माझ्या प्रश्नावलीत कुठेच बसत नव्हता.

कारण ते घर नुसता निवारा नाही. दार पश्चिमेला, सूर्यदेव कुइयेच्या दिशेला. दारापुढचे मातीचे उंचवटे ही पूजेची ठाणी आहेत. त्यांवर बसू नका, पाय देऊ नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. मुलामुलींच्या दीक्षाविधींत बाहेरच्याला जेवढं दाखवतील तेवढंच पाहा. मागे लागून माहिती काढणं मला तरी चोरीच वाटते.

घरी गेल्यावर आधी सगळ्यांची खुशाली विचारा, घाई नको. भोपळ्याच्या तुंब्यातून चुकुतु, म्हणजे ज्वारीची बिअर, पुढे येईल. पीत नसलात तरी दोन्ही हातांनी घ्या, ओठाला लावा आणि परत द्या. फोनिओ हे बारीक धान्य दिसायला वरईच्या जवळचं. ते त्यांना फार मोलाचं आहे, ताटात उरवू नका.

पिवळ्या तापाची लस आणि तिचं कार्ड लागतंच, हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. टोगोच्या उत्तरेच्या सवान भागात २०२२ मध्ये सशस्त्र गटांमुळे आणीबाणी लागू झाली, बेनिनच्या अताकोरातही हल्ले झालेत, तेव्हा तिकिटाआधी दूतावासाची ताजी सूचना वाचा. शक्य असेल तर पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरनंतर जा. लिंपणाचे दिवस तेच.