दिव्यांगांसोबत काम करणाऱ्या नव्या कार्यकर्त्याची तयारी कशी करावी

समाजकार्याची पदवी घेऊन पुण्यातील एखाद्या संस्थेत रुजू झालेल्या कार्यकर्त्याच्या हाती पहिल्याच दिवशी कायद्याचे पुस्तक देऊ नये. पहिला आठवडा त्याला अनुभवी सहकाऱ्यासोबत गृहभेटींना पाठवावे आणि प्रश्न कोणाला विचारला गेला व उत्तर कोणी दिले, एवढेच वहीत टिपायला सांगावे. ‘हिला काय आवडतं?’ असे आईला विचारले जाते आणि तीस वर्षांची मुलगी समोर बसून ऐकत राहते, हे त्याला स्वतःच्या नोंदींतून दिसले, की पुढचे बरेचसे शिकवणे सोपे होते.

त्यानंतर संवादाचा सराव घ्यावा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला एका वेळी एकच प्रश्न, साध्या शब्दांत विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. हे थांबणेच नवख्याला सर्वांत जड जाते. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना दुभाष्याकडे न पाहता तिच्याकडे पाहावे, आणि घरातील लहान भावंडाला दुभाषा करू नये, कारण खासगी गोष्टी त्याच्यासमोर निघत नाहीत. दृष्टिहीन व्यक्तीचा हात परस्पर धरू नये. मदत हवी का ते विचारून आपले कोपर पुढे करावे.

गृहभेटीत घरही पाहावे. पेठेतल्या जुन्या वाड्याचा अरुंद जिना किंवा न्हाणीघराचा उंबरा व्हीलचेअर वापरणाऱ्याला किती अडवतो, हे दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरील टक्केवारीतून कधीच कळत नाही.

कायदा आता शिकवावा. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि अनेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, एक ऑनलाइन अर्ज प्रशिक्षणार्थीने त्या व्यक्तीच्या शेजारी बसून भरावा, आणि ससूनमध्ये किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीची वेळ आल्यास सोबत जावे. रांगेत जे कळते ते वर्गात कळत नाही. कलम 14 मात्र निवांतपणे समजावावे. त्यातील मर्यादित पालकत्व विशिष्ट निर्णयापुरते व ठरावीक काळापुरते असते आणि निर्णय पालक व ती व्यक्ती अशा दोघांनी मिळून घ्यायचा असतो, तरीही घरचे लोक ‘सही आम्हीच करतो’ म्हणतात आणि नवा कार्यकर्ता संकोचाने मान डोलावतो.

प्रत्येक प्रकरणाची नोंद संस्थेत जमा करण्यापूर्वी त्याच व्यक्तीला वाचून दाखवण्याची शिस्त पहिल्या महिन्यापासूनच लावावी, आणि तिने सुचवलेली दुरुस्ती तिच्याच शब्दांत लिहावी.