बंदूक खरंच रिकामी आहे का, ते कसं तपासायचं

बंदूक चुकून उडाल्याच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं, "रिकामी आहे असं वाटलं". म्हणून कोणी कितीही सांगू दे, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरूनच हातात घ्यायची.

उचलतानाच नळीचं तोंड कोणी नसेल अशा दिशेला ठेवा, आणि बोट ट्रिगरवर नाही तर बाहेर, वरच्या बाजूला सरळ टेकवलेलं. नेम धरून गोळी झाडायची वेळ येईपर्यंत ते तिथेच. सेफ्टी लावलीय म्हणून निवांत होऊ नका, तोही एक यांत्रिक खटकाच, बिघडू शकतो.

आता पिस्तूल रिकामं करताना आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची डबी) काढायचं, मगच स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढायची. हा क्रम अजिबात उलटा करू नका. आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या घरात बसलेली, गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली वरची गोळी उचलून चेंबरमध्ये बसवते, मग मॅगझिन काढलं तरी एक आत राहतेच, आणि एक गोळी बाहेर पडताना बघितल्यामुळे माणसाची खात्री पटलेली असते की झालं रिकामं. म्हणून स्लाइड मागे अडकवून ठेवा, काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीतून चेंबर बघा, उजेड कमी असेल तर करंगळी घालून चाचपा. नळीच्या तोंडातून कधीच डोकावायचं नाही! रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडर (गोळ्यांचा फिरता भाग) उघडून एकूणएक घर बघायचं.

दुसऱ्याला देताना उघडीच द्या. त्याने परत तपासलं तर राग मानू नका, तपासायलाच हवं.

झाडताना निशाण्याच्या मागे काय आहे तेही बघा, .२२ ची बारीकशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. ट्रिगर दाबला आणि नुसता क्लिक आवाज आला तर नळी निशाण्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा, कधीकधी गोळी उशिरा सुटते. आवाज फुसका आला तर दुसरी झाडूच नका, पहिली नळीतच अडकलेली असू शकते आणि मग नळी फुटते. बंदूक हातातून निसटली तर पडू द्या, झेलायला गेलं की बोट नेमकं ट्रिगरवर जातं.

घरी बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. कपाटावर लपवून ठेवलेली वस्तू मुलं शोधतातच.