डकोटाची भोकं बुजवताना

डकोटा म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरात जवान उतरवणारं विमान. त्याच जातीचं एक आमच्याकडे मुंबईत प्रदर्शनासाठी आलं, शेपटीजवळ गोळ्यांची भोकं घेऊन.

पहिल्यांदा घाई नडली. ॲल्युमिनियमची ठिगळं लावली, पण हाताशी होते ते लोखंडी पॉप रिवेट (पत्रे जोडायचे, एकाच बाजूने बसणारे पोकळ खिळे) मारले. एका पावसाळ्यात प्रत्येक रिवेटभोवती रंग फुगला. नखाने खरवडलं तर आत मिठासारखी पांढरी भुकटी. खाऱ्या हवेत लोखंडाशेजारी ॲल्युमिनियमच आधी झिजतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं!

सगळे रिवेट ड्रिलने काढले. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. भोकं गोल कापली, आतून त्याच मिश्रधातूच्या पत्र्याचं ठिगळ, झिंक क्रोमेट प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर; विषारी असतो, मास्क लावाच) आणि ॲल्युमिनियमचे भरीव रिवेट. बाहेरून मी रिवेट ठोकायची गन धरायचो, आत भाचा बकिंग बार (रिवेटच्या मागे टेकवायचा धातूचा ठोकळा) घेऊन आडवा. मे महिना. "मामा, अजून किती?" एवढंच ऐकू यायचं.

रडर (शेपटीचं उभं सुकाणू) कापडी असतो, तिथे पत्रा ठोकू नका.

दोन भोकं मुद्दाम ठेवली. पाणी जाऊ नये म्हणून आतून पारदर्शक ॲक्रिलिक लावलं. पोरं त्यात बोट घालून बघतात.