बायपासनंतर घरी आल्यावर: कोणत्या त्रासाला थांबायचं, कोणत्याला धावायचं

बायपास किंवा व्हॉल्व्हच्या (हृदयातल्या झडपेच्या) ऑपरेशननंतर साधारण आठवडाभरात डिस्चार्ज मिळतो. हॉस्पिटलमध्ये मॉनिटर असतो, सिस्टर असतात, रोज डॉक्टरांची फेरी असते. घरी यातलं काहीच नसतं. आणि जखमेतला संसर्ग, फुप्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती साचणारं पाणी, ठोक्यांचा बिघडलेला ताल यांपैकी बऱ्याच गोष्टी घरी आल्यावरच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत वर येतात. छातीचं हाड उभं कापून तारांनी बांधलेलं असतं, त्यामुळे दुखणार तर आहेच. घरच्यांची अडचण इथेच होते: यातलं साधं दुखणं कुठलं आणि काळजीचं कुठलं?

एक कसोटी सगळीकडे लावा. एकेका आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. दुखणं, धाप, सूज, थकवा हे चार दिवसांपूर्वीपेक्षा आज थोडे तरी कमी हवेत. कमी होत आलेला त्रास पुन्हा वाढू लागला, तर तो आकड्यात कितीही किरकोळ दिसला तरी फोन करायचा.

सकाळची वही

दिशा कळायला नोंद लागते. शंभर पानी वही घ्या आणि रोज सकाळी चहाच्या आधी पाच गोष्टी लिहा.

वजन: संडासला जाऊन आल्यावर, तशाच कपड्यांत, काटा सपाट फरशीवर ठेवून. सतरंजीवर किंवा मॅटवर ठेवलेला काटा चुकीचं वजन दाखवतो. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशीचं वजन लाल पेनाने लिहा, पुढची तुलना त्याच्याशी. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, तर ती अंगावर चढलेली चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी आहे.

ताप: डिस्चार्जच्या औषधांत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं, तेही दिवसातून तीन वेळा. त्यामुळे ताप दबलेला राहतो आणि घरचे म्हणतात, अंग तर गार आहे. म्हणून ताप नेहमी गोळी देण्याच्या आधी मोजायचा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. थंडी वाजून हुडहुडी भरली असेल तर रात्र काढू नका.

नाडी: यंत्राच्या भरवशावर राहू नका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की ताल बिघडलेला लक्षात येत नाही. हाताची धमनी बायपाससाठी काढली असेल, तर नाडी आणि बीपी दुसऱ्या हातावर बघा. ऑपरेशननंतर काही आठवडे नाडी ऐंशी-नव्वद असणं सवयीचं आहे. शांत बसलेलं असताना १२० च्या वर, किंवा ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, हे नेहमीचं नाही.

बीपी: पाच मिनिटं बसल्यावर, रोज एकाच वेळी. वरचा आकडा नव्वदच्या खाली आणि सोबत अंधारी येत असेल तर बीपीची पुढची गोळी देण्याआधी फोन करा. मनाने गोळी बंद करू नका आणि तशीच देऊही नका.

ऑक्सिजन: ऑक्सिमीटर लावण्याआधी हात चोळून गरम करा. नेलपॉलिश आणि गडद मेंदी असलेलं बोट टाळा. आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या. ९४ च्या वर ठीक. पुन्हा पुन्हा ९२ च्या खाली येत असेल तर फोन. ९० च्या खाली गेला तर हॉस्पिटल. ज्यांना आधीपासून दम्याचा किंवा फुप्फुसाचा आजार आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरांनी वेगळा आकडा दिलेला असू शकतो. डिस्चार्ज कार्डवर जे लिहिलंय, तेच इथल्या आकड्यांऐवजी धरायचं.

मधुमेह असेल तर साखरेचे आकडेही याच वहीत. साखर सतत चढी राहिली की जखम भरत नाही आणि चिघळायची शक्यता वाढते.

ज्याला घाबरायचं कारण नाही

खांद्यांच्या मध्ये आणि मानेत दुखतं, कारण ऑपरेशनच्या वेळी बरगड्या ताणलेल्या असतात. छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा किंवा जळजळ काही महिने राहते. तिथली आतली धमनी काढताना बारीक नसा दुखावतात. पायाची शीर काढलेल्या बाजूला घोट्याजवळ मुंग्या येतात. जखमेच्या वरच्या टोकाला छोटा उंचवटा दिसतो, तो हळूहळू बसतो. तोंडाला चव नसते, झोप तुटते, रात्री घाम येतो. डोळ्यांत उगाच पाणी येतं, चिडचिड होते. घरच्यांनी हे मनावर घेऊ नये, पण दोन-तीन आठवड्यांनंतरही माणूस खोलीबाहेर यायला तयार नसेल, जेवत नसेल, तर डॉक्टरांना तेही सांगायचं. जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला तर एकटं सोडू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

छातीची जखम आणि हाड

जखम रोज चांगल्या उजेडात बघा, शक्य तर फोटो काढून ठेवा. दोन दिवसांपूर्वीचा फोटो शेजारी धरला की लाली वाढतेय की ओसरतेय हे वादाविना कळतं. टाक्याच्या कडेला बारीक गुलाबी रेघ चालते. लाली बोटभर पसरणं, हात लावल्यावर आजूबाजूची कातडी गरम लागणं, पू, दुर्गंधी, टाका उघडणं या गोष्टी त्याच दिवशी दाखवायच्या. खोकताना जखमेतून एकदम लालसर पाणी आलं, तर ते आतल्या हाडाची जोड सुटत असल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा थेट हॉस्पिटल.

हाड हलतंय का, हे ओळखायची खूण अशी: कूस बदलताना किंवा खोकताना छातीत ‘कट्’ असा आवाज येतो, दोन बाजू एकमेकींवर सरकल्यासारख्या वाटतात. शंका आली तर तळहात छातीवर सपाट ठेवून हलकंसं खोकायला सांगा, एकदाच. पुन्हा पुन्हा दाबून बघू नका. मधुमेह, लठ्ठपणा, जुना खोकला आणि तंबाखू-विडीची सवय असलेल्यांत हा धोका जास्त.

हाड जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही: भरलेली बादली नाही, कळशी नाही, नातवंड नाही. पलंगावरून उठताना हातांवर जोर न देता कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपराच्या हलक्या आधाराने बसायचं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. संडासला कुंथावं लागू नये म्हणून इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध, आणि उकिडवं बसण्याऐवजी कमोड किंवा कमोडची खुर्ची. दुचाकीवर मागे बसणंही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

जखमेवर हळद, तूप, पावडर, कुंकू, तेल काहीही लावू नका. अंघोळीला परवानगी मिळाल्यावर साधा साबण, कोमट पाणी, आणि स्वच्छ पंचाने टिपून कोरडं करणं, इतकंच.

पाय, धाप आणि साठणारं पाणी

शीर काढलेला पाय संध्याकाळी सुजतो आणि रात्रभर उशीवर उंच ठेवला की सकाळी उतरतो. हे चालतं. सकाळीही न उतरणारी, दोन्ही पायांना आलेली सूज वेगळी. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबा. खड्डा पडून राहिला आणि वहीत वजनही चढतंय, रात्री एकाऐवजी तीन उश्या लागतात, आडवं होताच खोकला येतो, तर हे पाणी साठण्याचं चित्र आहे. त्याच दिवशी फोन. तोवर पापड, लोणचं, फरसाण बंद. लघवीची गोळी मनाने वाढवू नका. तिने रक्तातलं पोटॅशियम खाली गेलं की ठोक्यांचा ताल बिघडतो.

एकाच पायाची पोटरी दुखते, टणक आणि गरम लागते: गुठळीची शंका. अशा पायाला मालिश कधीही करायची नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगितलेली नसते. पहिल्या आठवड्यापासून दीड-दोन महिन्यांपर्यंत कधीही हृदयाच्या आवरणाला सूज येऊ शकते. बारीक ताप, खोल श्वास घेताना छातीत चमक, उताणं झोपल्यावर दुखणं जास्त आणि पुढे वाकून बसल्यावर कमी, असा त्याचा ठसा. कधी आवरणात पाणी किंवा रक्त साचून हृदयावर दाब येतो; रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांत याची भीती जास्त. तेव्हा दुखणं फारसं नसतंही. माणूस नुसता गळून जातो, लघवी कमी होते, बीपी उतरतं, नाडी धावते, चार पावलांत दम लागतो. घरात याला ‘अशक्तपणा’ म्हणतात आणि जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घेतात. असं करू नका. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कारण न शोधता सलाईन लावलं, तर आधीच पाणी साठलेलं असल्यास फुप्फुसांत पाणी होऊ शकतं. आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून निदान व्हायला हवं होतं ते लांबतं, हे जास्त वाईट.

छातीत धडधड

बायपासनंतर एट्रियल फिब्रिलेशन हा तालाचा बिघाड बऱ्याच जणांना होतो, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पण घरी आल्यावरही. छातीत फडफड होते, नाडी कधी भरभर, कधी चुकत, कशीही लागते. डिजिटल बीपी मशीन अशा वेळी दर वेळी वेगळे आकडे दाखवतं. मशीन बिघडलं असं समजून सोडून देऊ नका, हाताने नाडी बघा. माणूस शुद्धीवर, बीपी ठीक, धाप नाही, तर लगेच डॉक्टरांना फोन आणि जवळ मिळेल तिथे ईसीजी. त्या ईसीजीची पट्टी जपून ठेवा. हॉस्पिटलला पोचेपर्यंत ताल आपोआप सुधारला, तर तोच एक पुरावा असतो. धडधडीसोबत भोवळ, छातीत दाब किंवा धाप असेल तर १०८.

रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि व्हॉल्व्ह

धातूचा व्हॉल्व्ह असलेल्यांना अॅसिट्रॉम किंवा वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारी रक्ततपासणी) तपासत राहावं लागतं. दात घासताना थोडं रक्त आलं तर कळवा. डांबरासारखा काळा आणि चिकट संडास, लघवीतून रक्त, दहा-पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, अचानक भयंकर डोकेदुखी यांत वाट बघायची नसते. (लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळा होतो, पण तो डांबरासारखा चिकट नसतो. शंका असेल तर रक्तस्राव धरूनच चला.) अंगदुखीला दुकानातून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा कसला काढा आणू नका. पालेभाजी बंद करायची नाही, रोज साधारण तेवढीच खायची. एका आठवड्यात रोज पालक आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, यानेच आयएनआर हलतो.

धातूच्या व्हॉल्व्हची टिकटिक शांत खोलीत ऐकू येते. ती दबली किंवा बंद झाली आणि सोबत धाप लागू लागली, तर व्हॉल्व्ह गुठळीने अडकल्याची शंका धरून तातडीने निघा. कोणत्याही कृत्रिम व्हॉल्व्हवाल्याला ताप रेंगाळला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) झालं पाहिजे. आधीच गोळी पोटात गेली तर जंतू सापडत नाही आणि नेमकं औषध ठरवता येत नाही. दात काढायला जातानाही व्हॉल्व्हबद्दल आधी सांगा.

१०८ कधी

जखमेचं दुखणं दाबल्यावर, खोकल्यावर, हात हलवल्यावर टोचतं. हृदयाचं दुखणं ओझं ठेवल्यासारखं असतं, चालताना येतं, जबड्यात किंवा हातात उतरतं, सोबत दरदरून घाम फुटतो. ऑपरेशनआधी जसं दुखायचं तसंच पुन्हा दुखलं, तर जोडलेल्या वाहिनीत अडथळा आल्याची शक्यता असते. मधुमेह्यांना कधी कधी दुखतही नाही. नुसता घाम, धाप आणि मळमळ. ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा-सोडा देण्यात जातात ते तास सगळ्यात महागडे. शेजाऱ्यांकडची सॉर्बिट्रेट (छातीतल्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची गोळी) देऊ नका. ती डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल आणि बीपी कमी नसेल तरच, बसवून, जिभेखाली.

अचानक धाप, बोलताना वाक्य पुरं न होणं, ओठ निळे पडणं, बेशुद्धी, खोकल्यातून रक्त, नव्याने सुरू झालेली असंबद्ध बडबड यांनाही १०८. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, तर ही लक्षणं नेमकी किती वाजता दिसली ते लिहा आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलातच जा. पोचल्यावर ऑपरेशनची तारीख पहिल्या वाक्यात सांगा, कारण ताज्या ऑपरेशननंतर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं. यात अॅस्पिरिन घरी देऊ नका; मेंदूत रक्तस्राव असेल तर ते घातक ठरेल.

माणूस कोसळला, हाक मारून उठेना, नीट श्वास घेईना, तर कोणाला तरी १०८ लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल. हाड ताजं जोडलेलं आहे म्हणून थांबायचं नाही. हाड पुन्हा जोडता येतं.

फोनवर काय सांगायचं

‘त्यांना बरं वाटत नाहीये’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. वही समोर धरून या क्रमाने सांगा: नाव, वय, कोणतं ऑपरेशन, किती दिवस झाले, त्रास काय, कधीपासून, वाढतोय का, आत्ताची नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन, वजन कालपेक्षा किती वेगळं, रक्त पातळ करायची गोळी कोणती आणि शेवटची कधी घेतली.

दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली ठेवा. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी, इको आणि आयएनआरचा रिपोर्ट, चालू औषधांच्या पाकिटांसकट गोळ्या, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि योजनेचे किंवा विम्याचे कागद, ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलचा रात्रीचा फोन नंबर. घरापासून सगळ्यात जवळ चोवीस तास ईसीजी आणि इको कुठे होतो, हे पहिल्याच आठवड्यात विचारून पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे रात्री घरात एकटी सून किंवा शेजारी असला तरी विचारत बसावं लागणार नाही.