टीममधल्या प्रत्येकाशी वन-ऑन-वन बोलणं कसं सुरू करावं आणि टिकवावं

मॅनेजरवर टीमचा विश्वास बसतो तो बहुतेक वेळा एका साध्या गोष्टीमुळे. प्रत्येकाला त्याच्याशी एकट्याने बोलायला ठरलेला वेळ मिळतो आणि त्या बोलण्यातून काहीतरी घडतं. ही सवय लावायची कशी, ते पायरीपायरीने पाहू.

1. वेळ नक्की करा. प्रत्येकासाठी दर आठवड्याला 30 मिनिटं. टीममध्ये आठाहून जास्त माणसं असतील तर दर पंधरवड्याला 45 मिनिटं. दोन भेटींमध्ये 10 मिनिटं मोकळी ठेवा, नाहीतर आधीचं बोलणं लांबलं की पुढचा माणूस ताटकळतो आणि नोंदी करायच्या राहून जातात. वेळ सगळ्यांना सारखाच द्या. ज्याच्याशी गप्पा रंगतात त्याला तासभर आणि अबोल माणसाला दहा मिनिटं, हे टीमच्या नजरेतून सुटत नाही. अडचण आली तर भेट रद्द करू नका. त्याच आठवड्यातली दुसरी वेळ लगेच कळवा.

2. हेतू आधी सांगा. नुसतं “जरा ये, बोलायचंय” म्हटलं की आपलं काय चुकलं, याच विचारात माणूस येतो. ही भेट दर आठवड्याला सगळ्यांशीच होणार आहे आणि विषय समोरच्याने आणायचे आहेत, हे निरोपातच लिहा. गुप्ततेची मर्यादाही पहिल्याच भेटीत स्पष्ट करा: बोलणं तुमच्यापाशी राहील, पण छळाची तक्रार किंवा कुणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तर तो पुढे न्यावाच लागेल. हे नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

3. पहिली 15 मिनिटं समोरच्याची. भेटी फसतात त्या बहुतेक इथेच. काम कुठवर आलं, हे विचारता विचारता अर्धा तास संपतो, कारण मॅनेजरला तोच विषय सोयीचा असतो. कामाचा आढावा आदल्या दिवशी लेखी मागवा. लॅपटॉप बंद, फोन उलटा. मग असे प्रश्न विचारा:

- गेल्या आठवड्यात कशात विनाकारण वेळ गेला?
- मी काय करायचं थांबवलं तर तुमचं काम सोपं होईल?
- कोणतं काम करायला आवडेल, पण वाट्याला येत नाही?

प्रश्न विचारल्यावर पाच-सहा सेकंद गप्प राहा. ती शांतता अवघडवते, आणि आपणच उत्तर सुचवायचा मोह होतो. तो आवरा.

सुरुवातीचे तीन-चार आठवडे “सगळं ठीक आहे” एवढंच ऐकायला मिळेल. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. बोललेल्याचं पुढे काय होतं, ते लोक आधी पाहतात. उलट हळूहळू अडचणी जास्त ऐकू येऊ लागल्या, तर धास्तावू नका. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधक एमी एडमंडसन यांना 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करताना असं आढळलं, की ज्या टीमचं आपसांत चांगलं जमतं, तिथे औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तर तिथली माणसं त्या न लपवता सांगत होती, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणून कुणी चूक सांगितली, तर तोंडून निघणारं पहिलं वाक्य महत्त्वाचं. “हे झालंच कसं?” म्हणालात, तर पुढची चूक तुम्हाला बाहेरून कळेल. “बरं झालं लगेच सांगितलंत, आता आधी काय करूया?” असं म्हणा. कारणांचा शोध दुसऱ्या दिवशीही घेता येतो.

4. एकच गोष्ट कबूल करा आणि ती करा. भेट संपताना तीन गोष्टी लिहा: काय करायचं, कोणी, कधीपर्यंत. पुढची भेट याच नोंदीने सुरू करा. पाच आश्वासनं देऊन दोन पाळण्यापेक्षा एकच दिलेलं बरं, कारण लक्षात राहतात ती न पाळलेली तीन. पगारवाढ किंवा बढती हातात नसेल तर “बघतो” म्हणू नका. “हा निर्णय माझा नाही, पण शुक्रवारपर्यंत विचारून सांगतो” असं म्हणा, आणि उत्तर नकारार्थी आलं तरी शुक्रवारी सांगा.

5. फीडबॅक साठवू नका. गोष्ट घडल्यापासून एक-दोन दिवसांत बोला. सहा महिन्यांपूर्वीची चूक अप्रेझलमध्ये काढली, तर इतके दिवस मनात ठेवलं होतं, हेच आधी लागतं. चूक एकांतातच सांगा. कौतुक चारचौघांत चालतं, पण काहींना त्याने अवघडल्यासारखं होतं, म्हणून एकदा विचारून घ्या. “छान काम” म्हणण्याऐवजी नेमकं काय ते सांगा: “ग्राहक चिडलेला असताना तुम्ही आधी त्याचं पूर्ण ऐकून घेतलंत, म्हणून ते प्रकरण मिटलं.”

6. तीन महिन्यांनी तपासा. नोंदवही उघडा आणि तुम्ही कबूल केलेल्या किती गोष्टी झाल्या, ते मोजा. राहिलेल्यांची यादी त्या त्या माणसासमोर ठेवा आणि नवी तारीख द्या. भेटीची वेळ, अंतर, जागा बदलायची का, हेही तेव्हाच विचारा. काहींचं बसून बोलण्यापेक्षा चालता चालता जास्त मोकळं होतं.